सुएझच्या वर्षीचं हळदीकुंकू

कऱ्हाड स्टेशनात गाडी हलली तेव्हा आई खिडकीबरोबर चालत सांगत होती, "परका मुलूख आहे, तिथल्या आपल्या बायकांना धरून राहा." मी एकोणीस वर्षांची, नव्या पातळाच्या निऱ्या सांभाळण्यात दंग. मान हलवली, झालं.

ह्यांची बंगालात खिदिरपूर बंदरावर कस्टममध्ये बदली झालेली. शेजारच्या बंगाली लतिकाचा नवरा मालबोटीच्या इंजिनखान्यात. दुसऱ्याच वर्षी इंग्रज, फ्रेंच आणि इस्रायल मिसर देशावर तुटून पडले, सुएझच्या कालव्यात जहाजं बुडाली आणि त्याची बोट आतच अडकली. लतिका रडत आली, तर मी शहाणी मोडक्या बंगालीत म्हणते, "कालवाच ना? उतरून काठाकाठानं येईल." आमच्याकडे कालवा म्हणजे ऊस भिजवायचा, पोरं उडी मारून ओलांडतात तो. ह्यांनी नकाशा दाखवला, तेव्हा तिला तोंड दाखवायची लाज वाटली.

संक्रांत आली तरी त्याची खबर नाही. बोटकंपनीचं एकच उत्तर, कळवू. मी हळदीकुंकवाला मराठी बायका बोलावल्या, लतिकालाही. ती दारात दिसताच सगळ्यांत वडील काकू मला म्हणाल्या, "तिच्या नवऱ्याचं काही कळलं नाही ना? मग यंदा तिचं कुंकू राहू दे."

"कळलं नाही म्हणजे गेला, असं कुणी सांगितलं?"

"तू लहान आहेस."

लहान होतेच. पण डोकं असं तापलं. "लंडनच्या साहेबानं बॉम्ब टाकायचे आणि माझ्या घरात कुंकू कुणाला, तेही त्यानंच ठरवायचं? मग काकू, तुमचं वाण त्यालाच पाठवते."

काकू उठल्या. मागोमाग साऱ्या. लतिकाला मराठी येत नव्हतं, तरी सगळं समजलं होतं. "थाक, बौदी," राहू दे वहिनी, म्हणाली. मी तिची हनुवटी धरून कुंकू लावलं. रागाच्या भरात निम्मं तिच्या नाकावर सांडलं.

तिचा नवरा पावसाळ्यात परतला, बॉम्बच्या आवाजानं एका कानानं बहिरा. त्या कानाचा जाब कुणी दिला नाही. आजही टीव्हीवर कुठल्याशा वाळवंटाचा नकाशा मांडून कोटवाले 'आमचे हितसंबंध' म्हणू लागले की नात आवाज बंद करते, आजी शिव्या देईल म्हणून. देतेच. बंगालीत.

आपल्या बायकांनी पुढे कितीतरी दिवस मला बोलावलं नाही. आणि तुम्ही कऱ्हाडच्या माहेरच्या बायका अजून विचारता, घरी कधी येतेस? अगं बायांनो, जिथं एका शेजारणीसाठी मी साऱ्या आपल्या माणसांशी वाकडं घेतलं, ते घर सोडून आता कुठल्या घरी येऊ?