ताटाबाहेरचं शीत

ये गं, नीट बस. खुर्चीच्या टोकावर काय टेकलीस, बाहेर गाडी चालू ठेवून आल्यासारखी? आमच्या शेजारचे म्हातारबाबा बघ, शनिवारी जेवायला आले की तासभर हलत नाहीत. इथल्याच नोव्हाय गावातल्या कारखान्यातून रिटायर झाले, पण मूळचे डेन्मार्कच्या राज्यातल्या दूरच्या बेटांवरचे. गल्लीतल्या मुलांचं ऐकून मला काकूच म्हणतात.

पहिल्याच दिवशी म्हणाले, "काकू, हे ताट म्हणजे युरोपचा संघ. हा भात डेन्मार्क." मग एक शीत उचलून टेबलावर ठेवलं. "ही आमची बेटं. राणी तीच, पण संघात नाही. मासे आमच्या हाती राहावेत म्हणून आम्हीच नको म्हणालो." मी सवयीनं फडकं फिरवायला गेले, तर त्यांनी शितावर तळवा धरला. तेव्हापासून दर शनिवारी एक शीत बाहेर असतं, आणि मी तेवढी जागा सोडून पुसते.

परवाच्या शनिवारी ते बहिणीचं पत्र घेऊनच जेवायला आले. मासे संपले, गाव रिकामं झालं, तीही घराला कुलूप लावून डेन्मार्कला गेली. बाबांनी शीत उचललं, भातात टाकलं आणि ताट सरकवलं. "पुसा आता," म्हणाले.

मला पुसवेना गं. येत्या शनिवारी तू येच. त्यांच्यासमोर एकटीला बसवत नाही.