शाबूत कपांचा भाव

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा दुकानाच्या दारात कपबश्यांचा टेम्पो उभा होता. आक्का म्हणजे माझी मोठी जाऊ. मोशीतल्या नव्या सोसायट्यांच्या तोंडाशी आम्हा दोघींचं काचसामानाचं दुकान. सकाळी "छातीत जरा भरून आलंय, तू हो पुढं" म्हणाल्या, आणि मी पुढं झाले... टेम्पोवाल्यानं खोकी आत ठेवली, शटर ओढलं आणि मला घरी सोडलं.

आक्का चाकणकडच्या शेतकरी घरातल्या. जिभेला हाड नाही, पण मन स्वच्छ. त्यांच्याच भरवशावर मी कंपनीतली पॅकिंगची नोकरी सोडली. पहिल्या वर्षी गिऱ्हाइकांची रीघ, तरी गल्ल्यात काही उरेना. दिवाळीनंतर दुकान बंद करायचं घरात जवळजवळ ठरलंच होतं. शेवटचा उपाय म्हणून बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं. ते बसवायला आलेल्या देशमान्यांनी माल आपल्याला कितीला पडतो ते मांडून दाखवलं. बिलाचा दर, त्यातून सूट वजा, वर टेम्पोभाडं आणि हमाली, आणि त्याला बिलातल्या नगांनी भागायचं. स्क्रीनवर प्रत्येक कपात नफा! मी खूश झाले, पण आक्कांचा चेहरा काही खुलेना.

"ह्यात फुटल्यालं कुठं हाय?"

"मावशी, ते वेगळं असतं. वर्षाच्या शेवटी तोट्यात दाखवायचं."

"तवर दुकान ऱ्हायलं तर ना! अवो, बारा कप आलं, दोन फुटलं. त्या दोघांचं पैसं कुणी उचलायचं? जे शाबूत हायेत त्यांनीच की."

देशमाने हसले, थोडा वाद घातला, आणि मग सेटिंगमध्ये शिरून शाबूत नगांनी भागायला लावलं. खरा भाव दिसला तेव्हा कळलं, ज्या नाजूक नक्षीच्या कपांवर गिऱ्हाईक तुटून पडायचं, ते आम्ही पदरमोड करून विकत होतो. ते कप बंद केले, जाड आणले, आणि दुकान तरलं.

तेव्हापासून माल आला की आक्का एकेक कप अंगठीनं वाजवून बघायच्या. चिरलेला कप बद्द वाजतो. "आक्का, कलिंगड घेताय का?" मी चिडवायचे. "गप गं! फिकं कलिंगड निदान गुरांना घालता येतं." कान तुटलेले कप मात्र टाकायच्या नाहीत. आमचा चहा त्यातच. त्या चहाची मला फार आठवण येते.

परवा हे म्हणाले, "एकटीला झेपायचं नाही. देऊन टाकू या दुकान." दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडलं. ती खोकी त्या दिवसापासून तशीच पडली होती. ती सोडली आणि माझ्या अंगठीनं एकेक कप वाजवत बसले. काही बद्द वाजले. शाबूत नग मोजून कॉम्प्युटरवर घातले, भाव जरासा चढला, आणि आक्कांचं ते "जे शाबूत हायेत त्यांनीच की" आठवून मी पोटभर रडले.

संध्याकाळी हे आले, खोक्यांकडे बघत राहिले. मी आक्कांच्या कान तुटलेल्या कपात त्यांना चहा दिला.

"जपून, पोळेल," म्हटलं. "आणि पुढच्या मालाची ऑर्डर दिलीय."