हिंगोलीचा भाव

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिच्यापासून तर मी दाढदुखीसुद्धा लपवत नाही. तुम्ही म्हणाल, मग आता काहून? ठाऊक नाही. ऐका म्हणजे झालं.

वाशीमच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी कारभारी होतो. शेठजींची दुसरी पेढी हिंगोलीला — नावाला मेव्हण्याची, पण किल्ल्या शेठजींच्याच कमरेला. आमचं वाशीम इंग्रजी अमलात, इथे नफ्यावर इन्कमटॅक्स. हिंगोली निजामाच्या मुलखात, तिथे हा कर नव्हताच. मग काय — कागदोपत्री आमच्या गाठी हिंगोलीला स्वस्तात विकायच्या आणि हिंगोलीने त्याच गाठी मुंबईला चढ्या भावाने. नफा सगळा तिकडे, इथे नुसती धूळ. ही अक्कल कुणाची? माझी. बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, कारण दोघे दोन बाजूंना ओढत असतात. आमच्यात रुमाल टाकणार कोण? दोन्ही हात शेठजींचेच.

मग नागपूरहून नवा इन्कमटॅक्सचा साहेब आला. हुशार होता, पण कापूस त्याने फक्त गादीत पाहिलेला. त्याने एकच गोष्ट धरून ठेवली — त्याच आठवड्यात अकोल्याच्या परक्या व्यापाऱ्याला चढ्या भावाने माल दिलात, मग मेव्हण्याला एवढा स्वस्त कसा? परक्याला जो भाव, तोच घरच्याला धरीन आणि त्यावर कर घेईन. मी म्हणालो, साहेब, हिंगोलीला गेला तो डागी माल, पावसात भिजलेला. साहेब म्हणाला, तुमच्या पारख्याला बोलवा.

पारखी म्हणजे नथ्थूभाऊ. वयाने माझ्या बापाएवढे. कापसाचा पुंजका अंगठ्याखाली ओढून धाग्याची लांबी सांगायचे, ओल सांगायचे, कधी कधी कुठल्या शिवारातला तेही. बाजारात त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे. अन् खोटं बोलणं काही त्यांना जमायचं नाही — आदल्या दिवशी मी विनवून पाहिलं होतं.

ते साहेबापुढे सरळ म्हणाले, "माल एकच व्हय. अकोल्याचा अन् हिंगोलीचा, काईच फरक नाही."

शेठजींचा चेहरा पडला. माझा नाही — मी तयारीनेच आलो होतो. दोन पुड्या टेबलावर ठेवल्या. म्हणालो, एकीत उत्तम माल आहे, एकीत डागी, चिठ्ठ्या आत आहेत. यांनी हात लावून ओळखावं. नथ्थूभाऊंनी डोळे मिटले. दोन्ही पुंजके ओढले, चोळले, गालाला लावले. मग म्हणाले, दोन्ही सारखेच हायेत, एकाच गठाणीतले. मी चिठ्ठ्या उलगडल्या. एक 'उत्तम', एक 'डागी'. साहेब हसला. म्हाताऱ्याला आता समजत नाही, असं म्हणून त्याने आमचा भाव मान्य केला.

काय सांगू तुम्हाला तो दिवस? शेठजींनी स्वतः मला फेटा बांधला, पेढे वाटले, टांग्यातून वाशीमभर फिरवलं. मेव्हणा हिंगोलीहून माझ्या पाया पडायला आला. लग्नातसुद्धा मी एवढा ताठ बसलो नव्हतो. आणि खरं सांगू? अजूनही आठवलं की हात मिशीवर जातो. लाज वाटायला हवी ना? वाटते — पण आधी हात मिशीवर जातो.

आता ते सांगतो. दोन्ही पुड्या मी एकाच गाठीतून भरल्या होत्या. स्वतःच्या हातांनी, दार लावून. नथ्थूभाऊ चुकणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या बरोबर असण्यावरच तर माझा सगळा डाव उभा होता.

पुढे त्यांनी काम सोडलं. कुणी काढलं नाही. पण पुंजका हातात घेतला की ते थांबायचे, शेजारच्या पोराटोरांना विचारायचे, आणि मग एक दिवस आलेच नाहीत. महिन्याभराने माझ्या घरी आले. ओसरीवर बसले, चहा घेतला नाही. दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

"कारभारी, तुमीच सांगा मले. माहे बोटं खरंच गेले का?"

मी म्हणालो, "वय झालं, नथ्थूभाऊ."

त्यांनी मान हलवली, वहाणा घातल्या आणि गेले. मी दारातून पाहत होतो. मला हायसं वाटलं — त्यांना संशय आला नव्हता.