घणाला घाबरलेला भंगारवाला

तलासरीतलं ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून जात नाही. पालघर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. एके दुपारी ठाण्यात फोन आला: झरीकडच्या एका पाड्यावर डुकरबॉम्ब बनवताना एक मजूर मेला. त्या भागात रानडुकरांसाठी असे गावठी बॉम्ब लावतात, त्यामुळे कोणालाच नवल वाटलं नाही.

झोपडीत पंचनामा करताना मात्र मी थबकलो. प्रेताची छाती जळलेली आणि हातभर अंतरावरच्या कुडाच्या भिंतीला काजळीचा डागसुद्धा नाही. मयताची बायको चिकूच्या वाडीतून धावत आली होती.

"साहेब, तो हायवेच्या भंगारवाल्याकडं कामाला गेलेला. घरी कसा आला?" एवढंच ती विचारत राहिली.

मयतावर स्फोटकांचा गुन्हा लागला असता आणि घरात साठा ठेवला म्हणून तिलाही आत जावं लागलं असतं. पाड्यावरचं कोणी तिच्या अंगणात पाय ठेवत नव्हतं.

फोन त्या भंगारवाल्याचाच निघाला. ज्याला पोलिसांचं वावडं, तो आपणहून खबर देतो तेव्हा आधी त्यालाच चौकशीला बसवावं, हा माझा शिरस्ता. "तो आज आलाच नाय," यापुढे गडी सरकेना. त्याच्या गोदामात, जिथे मजूर घणाने भंगार फोडत, करडे, जड धातूचे तुकडे पडले होते. बॉम्बशोधक पथकाच्या कुत्र्याला त्यांना दारूचा वास लागला नव्हता, तो सरळ पुढे गेला होता. मी गॅरेजमधून तसाच दिसणारा साधा लोखंडी ठोकळा मागवला, भंगारवाल्यापुढे ठेवला आणि त्याच्या हातात घण दिला.

"फोड."

तो मागे सरकत भिंतीला चिकटला. "नको साहेब. त्याच्यावर घण मारायला लावू नका."

"का? लोखंडच तर आहे."

मग तो बोलू लागला. संरक्षण खात्याच्या संशोधनासाठी नमुने बनवणाऱ्या एका कारखान्यातला तो नाकारलेला माल होता. नष्ट करायचा, तो तिथल्या मुकादमाने भंगारात विकला. हा धातू लोखंडासारखा भार पेलतो, पण जबर आघात बसला की भडका उडतो, असं तज्ज्ञांनी मला नंतर समजावलं. घण मारू नकोस, असं मुकादमाने बजावलंही होतं. भंगारवाल्याने स्वतः मारला नाही, मजुराला मारायला लावला. मग प्रेत जीपमध्ये घालून झोपडीत टाकलं. मला आजही त्या माणसाची चीड येते.

दोघांना अटक झाली. तपास होईपर्यंत मयताविषयी ठाण्याबाहेर शब्द जाता कामा नये, हे मी पुढे प्रत्येक ठाण्यात बजावत आलो. त्याचं कारण ती बाई. तिच्या नवऱ्यावर कसलाही गुन्हा नाही, हे सांगायला मी स्वतः पाड्यावर गेलो.

"आता सांगून काय, साहेब? बॉम्बवाला म्हणून त्याला खांदा द्यायला कोण आलं नाय. मी आन् माझ्या भावानं झोळीत घालून नेला."