मास्तरांचा पाठीमागचा हात

आमच्या तळेगावात बँड अजून आहे असं कोणी सांगितलं, तर ते खोटं आहे. पेटीत लाल कोट आहेत, बँड नाही. तो डीजेवाल्यांनी मारला असं मी दोन पत्रकांत लिहिलं. तिसरं पत्रक लिहायची हिंमत झाली नाही, कारण त्यात माझं नाव घालावं लागलं असतं.

बँडचे मास्तर आमच्याच वस्तीतले. वरात निघाली की नाचणारे पुढे, अकरा वाजवणारे मागे आणि मधोमध मास्तर. त्यांचं तोंड कायम लोकांकडे. वाजवणाऱ्यांकडे ते वळूनसुद्धा पाहत नसत. डावा हात कमरेमागे ठेवायचे आणि सगळा कारभार त्या हातावर चालायचा. एक बोट वर झालं की पुढचं गाणं, पंजा हलला की लय वाढवायची, मूठ वळली की थांबायचं. मागची माणसं वर्षानुवर्षं त्या एका हाताकडे पाहत रस्ते चालली.

मास्तर कसे झालात, हे मी त्यांना एकदा विचारलं. मी वस्तीची पत्रकं काढते, त्यांना मजकूर हवा होता.

“झांज वाजवत होतो मी,” ते म्हणाले. “आर्वीच्या एका वरातीत जुन्या मास्तरले ताप भरला. त्यायनं मले समोर उभं केलं. म्हणे, वाजवू नको, फक्त पाह्य.”

“काय पाहायचं?”

“लोकायचे पाय. क्लॅरनेट फुंकनारे गल्लोगल्ली भेटते, पोरी. पाय वाचनारा भेटत नाई.”

नाचणारे आपोआप नाचतात, त्यांच्याकडे लक्ष द्यायचंच नाही, असं त्यांचं म्हणणं. कडेला नवं लुगडं सांभाळत उभी असलेली एखादी मावशी हेरायची. तिचा अंगठा चपलेत हलतो का पाहायचं आणि तो हलेल ते गाणं लावायचं. ती एकदा रिंगणात आली की मागून सगळ्या बाया येतात. शिवाय वरातीच्या दुपारी मास्तर सगळा रस्ता एकटे चालून यायचे. कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, कोणाकडे मयत झाली आहे, ते विचारायचे. त्या दारांपुढून बँड मुकाट्याने जायचा. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आणि या माणसाला लग्नघरी जेवायला कुठे बसवत? मंडपाच्या मागे, भांडी घासायच्या जागेजवळ, सगळ्यात शेवटी. मला याची चीड होती, अजूनही आहे.

गेल्या दोन मोसमांत लग्नं डीजेकडे गेली. उरली होती फक्त एप्रिलमधली जयंतीची मिरवणूक, आणि यंदा तीही डीजेला द्यायचं जयंतीच्या समितीत घाटत होतं. ती गेली असती तर अकरा माणसांनी पुन्हा एकत्र जमायचं काही कारणच उरलं नसतं.

मग मी मध्ये पडले. समाजभवनात बँडचा बैठा कार्यक्रम ठेवायचा, समितीला पहिल्या रांगेत बसवायचं, असं मी ठरवलं. पत्रक काढलं: ‘रस्त्यावरचा कलावंत मंचावर का नाही?’ आष्टीच्या बाजारातही वाटलं. इथपर्यंत ठीक होतं. पण मोबाइलवर मी मोठमोठे वाद्यवृंद पाहिले होते. त्यात समोर उभा राहणारा माणूस लोकांकडे पाठ करून उभा असतो आणि शेवटी सगळं सभागृह त्याच्यासाठी उठून उभं राहतं. मला आमच्या मास्तरांसाठी तसंच सभागृह उभं राहिलेलं पाहायचं होतं.

“लोकायकडे पाठ करू?” मास्तरांनी विचारलं. “काऊन व? भांडण झालं का त्यायच्याशी?”

“मोठे लोक असंच उभे राहतात, मास्तर.”

“मंग लोकं नाचतीन कसे?”

“नाचायचं नाही. बसून ऐकायचं.”

क्लॅरनेटवाले काका म्हणाले, “बसलेले पाय कसे वाचाचे मास्तर? खुर्चीखाली वाकून?” सगळे हसले. मीही हसले.

मास्तर हसले नाहीत. म्हणाले, “तू शिकेल हायस. तू म्हनतं तर करू.”

रविवारी दुपारी समाजभवन भरलं. मास्तर इस्त्रीचा कोट घालून आले आणि मी सांगितल्याप्रमाणे लोकांकडे पाठ करून उभे राहिले. वाजवणाऱ्यांना मास्तरांचं तोंड समोर बघायची सवयच नव्हती. ढोलवाल्याने तर लाजून मान खाली घातली. पहिलं गाणं पाठ होतं, ते निभावलं. गाणं बदलायची वेळ आली तेव्हा मास्तरांचा डावा हात सवयीने कमरेमागे गेला आणि एक बोट वर झालं. ते बोट दिसलं लोकांना. वाजवणाऱ्यांना दिसलं नाही. त्यांनी तेच गाणं पुन्हा सुरू केलं.

बोट जोरात हललं. पहिल्या रांगेतून समितीतला एक जण ओरडला, “मास्तर, एकच च्या सांगू का? का सगळ्यायले?”

हशा पिकला. गाणं तिसऱ्यांदा सुरू झालं. मग पाठीमागे मूठ वळली. “आता मारते बे हा!” कोणीतरी म्हणालं, आणि मागच्या रांगांनी आपापले हात पाठीमागे नेऊन मुठी वळल्या.

मास्तरांना फक्त हसणं ऐकू येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्यांच्या पाठीमागे होते. त्यांनी मंचाच्या कडेला उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. मी मान हलवली. चांगलं चाललंय, अशी. का हलवली ते मला सांगता येत नाही. थांबवलं असतं तर माझा कार्यक्रम थांबला असता, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं. त्यांना वाटलं लोक खुश आहेत. त्यांचा पंजा हलू लागला: लय वाढवा. तोही लोकांनाच दिसला.

वाजवणारे शेवटी दमून एकेक करत थांबले. ताशा सगळ्यात उशिरा थांबला. मास्तर वळले, तेव्हा त्यांना ते चेहरे दिसले.

समितीचा निर्णय दोन दिवसांत आला. “बँड चांगला हाय,” अध्यक्ष मला म्हणाले, “पन आता त्यायले पाह्यलं की लोकायले हसू येईन. जयंतीत हसू नाई पाह्यजे.” मी तावातावाने भांडले. मंडपामागच्या पंगतींचंही काढलं. ते म्हणाले, “कार्यक्रम तूच ठेवला होता ना?”

मी मास्तरांकडे माफी मागायला गेले, तर त्यांनी पुढे बोलूच दिलं नाही. एवढंच विचारलं, “तू मान काऊन हलवली व?”

मग ते उठून गुरांना पाणी पाजायला गेले.

एप्रिलमध्ये डीजे आला. आमचा ताशावाला त्याच्या गाडीवर बॉक्स चढवत होता. अध्यक्षांनी मला बोलावलं, तुझा आवाज चांगला आहे, माइकवर घोषणा तू दे म्हणाले. नाही म्हणता आलं असतं. मी गाडीवर चढले. समोर सगळं गाव होतं, माझ्या प्रत्येक घोषणेला उत्तर देत होतं. बसस्टँडपर्यंत मी घोषणा दिल्या आणि एकदाही अडखळले नाही.