मुकी मोटर

पंखा असो की पाण्याचा पंप, मोटर बिघडली की लोक मोटरीची तार गुंडाळून देणाऱ्या वाइंडरकाकांकडे धाव घेत. काका ती सुरू करून नुसता कान द्यायचे आणि झाकण उघडायच्या आधीच सांगायचे, "बेअरिंग गेलंय." त्या कानांवर दुकान चाललं, लेकीचं शिक्षण झालं. हल्ली मात्र दुरुस्त केलेल्या मोटरी परत येऊ लागल्या होत्या आणि काका नव्या मालाच्या नावाने बोटं मोडत होते.

अशात परगावच्या लेकीने रिमोटवर उडणारं विमान पाठवलं. म्हणाली, "बाबा, तुमच्याच धंद्यातलं खेळणं आहे."

धंद्यातलं कसलं! काकांचं डोकंच चक्रावलं. बॅटरीतून दोन वायरी निघत होत्या आणि मोटरीत तीन जात होत्या. ही तिसरी मध्येच कुठून उपटली? लेकीने फोनवर समजावलं, "मधली डबी तिघींना आळीपाळीने करंट देते. कशाही जोडा. उलटी फिरली तर कुठल्याही दोन बदला. विमानाचा पंखा मात्र आधी काढून ठेवा. आणि बॅटरी लावली की मोटर टीं टीं करेल, तेव्हाच रिमोटची दांडी वर करा."

काकांनी पंखा काढला, वायरी जोडल्या, बॅटरी लावली. मोटर गप्प. वायरी बदलल्या, तरी गप्प. बॅटरी काढून पुन्हा लावली, दांडीला हात न लावता वाट पाहिली. छे.

"हीसुद्धा तसलीच," काका करवादले. "जळकी मोटर पाठवलीय."

आतून काकू आल्या. "अहो, ते टीं टीं बंद करा ना. डोकं उठलं माझं."

"कुठलं टीं टीं?"

"हे काय, आत्ताही वाजतंय."

काकांनी मोटरीवर बोट ठेवलं. बोटाखाली बारीक थरथर होत होती, थांबत होती, पुन्हा होत होती. काकूंचं बोलणं ऐकू येत होतं, ते बारीक टीं टीं मात्र नाही. परत आलेल्या एकेक मोटरी डोळ्यांपुढे आल्या आणि काकांना भीती वाटली.

काकू खुर्ची ओढून शेजारी बसल्या. काकांनी बॅटरी काढून परत लावली.

"वाजलं की सांग."

"वाजलं."

त्यांनी दांडी जराशी वर केली. मोटर फिरली. काका काकूंकडे वळले.

"उद्यापासून दुकानात येशील?"

"मला मोटरीतलं काय कळतंय?"

"कळायचं ते मी बघतो. तू फक्त ऐक."