पहारेकऱ्याची चौकशी

माझा धाकटा भाऊ पलटणीत सुरुंग पेरायच्या आणि पेरलेले काढायच्या कामावर होता. लढाई संपली, त्याची मुदत भरली आणि तो वडूजजवळच्या आमच्या गावी परतला, तेव्हा दुष्काळ ऐन भरात होता. शेतात कुसळं आणि विहिरींत नुसता खडक. गावाने त्याला बसू दिलं नाही. ज्याच्या त्याच्या विहिरीच्या तळाला भोकं पाडायची, दारू ठासायची आणि खडक फोडायचा, हेच त्याने दुष्काळभर केलं. पाणी लागलं की त्या घरी त्याला जेवायला बोलवत, नाही लागलं तरी बोलवत. जेवताना तो एक शब्द बोलत नसे.

मुळात तो कुठेच बोलत नसे. लढाईत कुठे होतास, असं विचारलं तर "हुतो की" एवढंच म्हणायचा. आईने एकदा रडून विचारलं, तर हा गडी उठून बैलांना पाणी पाजायला गेला. त्यामुळे समुद्राकाठच्या एका अणुवीज केंद्रात पहारेकरी म्हणून आपली निवड झाली आहे, आता फक्त पोलिसांकडून वर्तणुकीची चौकशी राहिली आहे, ही गोष्टही त्याने घरात कुणाला सांगितली नव्हती. अशा ठिकाणी बाहेरच्या घातपात्याला कुंपण अडवतं. पण आतलाच फितूर झाला तर कुंपण काय करणार? म्हणून आत घ्यायच्या माणसाची आधी पाळंमुळं खणतात. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा दिसत होतं ते एवढंच, की पाऊस झाला, विहिरी फोडायचं काम संपलं, कोरडवाहू तुकड्यात भागत नाही आणि हा रोज पोस्टमनच्या वाटेवर डोळे लावून बसतो.

मी सांगलीला दिलेली, पण तेव्हा काही दिवस माहेरी आले होते. भावाला माणसांत आणायचं तर बोलकी बायको हवी, असं माझं आणि आईचं ठरलं आणि मी तासगावकडचं एक स्थळ आणलं. मुलीचा मामा न सांगता कधीही येऊन गावात चौकशी करून जाईल, असं मी आईला सांगितलं. आईने ते आमच्या चुलत्यांना सांगितलं. चुलत्यांना सांगितल्यावर वेगळी दवंडी पिटावी लागत नाही. दुसऱ्या दिवशी एस.टी. स्टँडवरचा चहावालासुद्धा स्वच्छ सदरा घालून बसला होता.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी पांढरा शर्ट, करडी पँट आणि हातात पिशवी असा एक गृहस्थ एस.टी.तून उतरला. त्याने माझ्या भावाचं नाव घेतलं आणि मुलगा कसा आहे, व्यसन काही, संगत कुणाची, जमीन किती, नातेवाईक कुठे कुठे, असं विचारायला सुरुवात केली. आता मुलीचा मामा याहून वेगळं काय विचारणार? साध्या कपड्यातला पोलीस आणि नवऱ्या मुलाची पारख करायला आलेला पाहुणा यांचे प्रश्न इतके सारखे असतात, हे सरकारच्याही कधी लक्षात आलं नसावं.

चहावाल्याने त्याच्या चहात साखर जास्त घातली आणि आमचा पोरगा मनात आणलं तर अख्खी टेकडी उडवील, अशी ग्वाही दिली. चुलत्यांनी त्याला हाताला धरून विहिरीवर नेलं आणि फुटलेला खडक दाखवला. तेवढ्यावर थांबते तर ते आमचे चुलते कसले? पोराच्या घरात दारूगोळा कायम भरलेला असतो, म्हणाले. वास्तविक सुरुंगाची दारू पुरवणारा कंत्राटदार एकेक काडतूस मोजून द्यायचा आणि उरलेलं मोजून परत घ्यायचा. तरी पाहुण्याचं समाधान होत नाही असं वाटून त्यांनी शेवटचा हात मारला. पोरगा लढाईत सरहद्द ओलांडून गेला होता आणि तिकडेही त्याची बक्कळ वळख आहे, असं सांगून टाकलं. पाहुण्याने हे त्यांच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. चुलत्यांना वाटलं, मामा खूश झाला.

मग ते त्याला आमच्या घरी घेऊन आले. भाऊ औंधकडे एका कामावर गेला होता. पाहुण्याने घर बघायची इच्छा दाखवली आणि चांगलं बघितलं. माळवदावर चढला, कणगीत वाकला, गोठ्यातली वैरण हलवून पाहिली. मी मनात म्हटलं, मामा भलताच चिकट आहे, मुलीला हुंड्याबिंड्याशिवाय देणार बहुतेक. मी चहा ठेवला. त्याने आईला विचारलं, "मुलाबद्दल तुम्ही काय सांगाल?"

चुलते आईला डोळ्यांनी खुणावत होते. पण आईचं एक होतं. लेक देणाऱ्या माणसाला ती फसवणार नव्हती.

"दारू न्हाई, तंबाखू न्हाई," ती म्हणाली. "पर तुमी लांबनं आलाय म्हणून खरं सांगते. त्यो बोलत न्हाई. कुठं हुता, काय केलं, जल्म दिल्याल्या आईलासुदीक सांगत न्हाई. मी रडून इचारलं तरी सांगितलं न्हाई. ज्येला त्येच्यासंगं दीस काडायचं हायती, त्येनं आदी ह्येचा इचार करावा."

पाहुण्याने कप खाली ठेवला. "अजिबात सांगत नाही?"

"अजिबात न्हाई."

तो नमस्कार करून गेला. चुलते आईवर असे उखडले की दोन दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत.

भाऊ संध्याकाळी आला तेव्हा चुलत्यांनी त्याला वाटेतच गाठून आपला पराक्रम आणि आईने घातलेला घोळ ऐकवला होता. तो गोठ्यात जाऊन बसला. मी मागोमाग गेले तर खाली मान घालून म्हणाला, "आक्का, नोकरी गेली." अणुकेंद्राचं आणि पोलिसांच्या चौकशीचं त्याने तुटक तुटक सांगितलं, तेव्हा कुठे मला सगळं कळलं. अणुकेंद्राच्या दारावर ज्याला उभं करायचं, तो काहीही उडवू शकतो, घरात दारूगोळा बाळगतो आणि सरहद्दीपलीकडे त्याच्या ओळखी आहेत, अशी साक्ष त्याच्याच गावाने दिली होती. मला हसू येत होतं आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता. आईला सांगू नको, तिला वाटेल तिच्या बोलण्यामुळेच गेली, असं त्याने मला बजावलं. आई इकडे चुलीपुढे बसून, आपण खरं बोललो आणि चांगलं स्थळ घालवलं, म्हणून हळहळत होती. एकाच चुलीपुढे दोघं दोन वेगवेगळ्या गोष्टींचं सुतक पाळत होते आणि मधे मी भाकरी वाढत होते.

भावाने चुलत्यांना एवढं मात्र सांगितलं, की पुन्हा कुणी विचारायला आलं तर तोंड उघडायचं नाही. चुलत्यांनी ते मनावर घेतलं. आठवड्याने तासगावचा खरा मामा आला. चहावाला म्हणाला, आपण कुणाला ओळखत नाही. चुलत्यांनी तर मामालाच कागदपत्रं मागितली. मामा घरापर्यंत आलाच नाही. मिळाली ती एस.टी. धरून तो थेट सांगलीला गेला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला, ज्या मुलाबद्दल त्याचं गाव बोलायला घाबरतं, त्याला आम्ही मुलगी देत नाही.

आणि मग महिन्याभराने पोस्टमनने पाकीट आणलं. भावाला बोलावणं आलं होतं. आईने मला सांगलीहून बोलावून घेतलं, आम्ही त्याची ट्रंक भरली आणि कराडला जाऊन त्याला रेल्वेत बसवलं. गाडी सुटल्यावरही आई फलाटावरून हलेना. नोकरी कशी लागली, ते त्याला कळेना, मला कळेना. आईला तर तो कुठल्याशा विजेच्या कारखान्यात चालला आहे, एवढंच माहीत होतं.

पहिल्यांदा तो दिवाळीला आला. रात्री जेवायला आम्ही तिघंच होतो. एकापाठोपाठ तीन दरवाजे आहेत, दारावर आपण स्वतः असलो तरी आपला डबा रोज उघडून बघतात, असं काहीबाही त्याने आपणहून सांगितलं. त्याच्या मानाने ते भाषणच होतं. आत काय आहे, विचारल्यावर मात्र "वीज करत्यात" म्हणून गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, साहेबांनी पहिल्याच दिवशी बोलावलं होतं. तुझ्या गावाने तुला बाद केलंच होतं, म्हणाले. पण घरात काही सापडलं नाही. आणि जो रडणाऱ्या आईला सांगत नाही, तो आमच्या दारावरचं कुणाला सांगणार?

मग त्याने आईला तो पाहुणा कोण होता, ते सांगितलं.

आई तव्यावर भाकरी टाकत होती. भाकरीला एका बाजूने डाग पडले तरी तिने ती उलटली नाही.

"म्हंजे माज्यामुळं तुला न्हेलं?" तिने विचारलं.

"व्हय."

"आदी कळलं असतं, तर लय बडबड्या हाय म्हणून सांगितलं असतं."

मी हसायला लागले. भावाने माझ्याकडे बघितलं आणि मी थांबले. आई चेष्टा करत नव्हती.